खालून आलेला फोन

अहो, निहारला संघातून वगळलं. तुम्ही गेल्याला आज बावीस दिवस झाले, आणि तुम्हाला सांगावी अशी पहिली बातमी निघाली ती ही.

आपला नातू तिकडे कॅनडात बेसबॉल खेळतो हे तुम्हाला सांगायला नको. त्याचा पहिला ग्लोव्ह तुम्हीच इथून पाठवला होता, तेल चोळून, आकार यावा म्हणून आत चेंडू ठेवून, वरून दोरी आवळून. उन्हाळ्यातल्या स्पर्धेसाठी त्यांच्या कोचनी पंधरा मुलांची यादी काढली. त्यात निहार नाही. यादी मोबाइलवर आली आणि त्यानं ती शाळेच्या बसमध्ये, सगळ्यांच्या देखत वाचली. बारा वर्षांचं पोर. बसमध्ये बसून तोंड कसं करावं हे तरी त्याला कुठून कळणार?

मंगळवारी व्हिडिओ कॉल झाला. निहार कडेला बसला होता, अर्धाच दिसत होता. बोलायचं काम धाकट्या इराकडे होतं.

"आजी, आजोबांनी बाबाला पण टीममधून काढलं होतं ना?"

"कोण म्हणालं?"

"बाबाच म्हणाला. निहारला चिअर अप करायला."

"हो. काढलं होतं."

मग निहार पूर्ण दिसला. "बिकॉज ही वॉज बॅड?"

मी म्हटलं, याचं उत्तर मी लिहून पाठवीन. इरा म्हणाली, "आजी, जस्ट से येस ऑर नो, लाह!" वाक्याच्या शेवटी इथले लोक लावतात तो 'लाह' तिनं इथल्या दोन सुट्ट्यांतून उचलून नेला आहे. पण मला हो किंवा नाही म्हणता येईना. लिहायला बसले तेव्हा समजलं की हे उत्तर मुलांच्या आधी तुम्हाला द्यायचं राहून गेलं आहे. म्हणून ही पानं मुलांसाठी असली तरी बोलणं तुमच्याशी आहे. मुलांनो, तुम्ही शेजारी बसून ऐका.

तुम्ही कोच झालात ते केवळ उंचीमुळे. अनिकेत दहा वर्षांचा असताना शाळेतल्या मित्राच्या नादानं रविवारच्या क्लबात जाऊ लागला. आपण पुण्याहून या देशात आलो होतो, हौगांगच्या या फ्लॅटमध्ये नवीन होतो. क्लबाचे कोच नोकरी संपवून त्यांच्या देशी परतले, आणि कडेला उभ्या असलेल्या पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. मार्कसचे वडील हेन्री तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा उंच आहे. क्रिकेट खेळलाय. बॅट आणि बॉल, सेम-सेम लाह!" हेन्री इंग्रजीत बोलतात, मी त्यांचं मराठी करून लिहिते आहे, पण त्यांचा लाह तसाच ठेवते. त्याशिवाय ते हेन्री वाटत नाहीत.

पुण्यात कॉलेजच्या संघात तुम्ही यष्टिरक्षक होतात, तेवढ्या शिदोरीवर तुम्ही हो म्हणालात. लायब्ररीतून तीन पुस्तकं आणलीत आणि जेवताना पानाशेजारी उघडी ठेवू लागलात. पुस्तकात सगळं होतं. एकच गोष्ट तुमच्या हाताला पटेना. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची आणि रिकाम्या हातांनी धावायचं. तुम्ही म्हणायचात, "टाकायची? बॅट? आम्ही तिला पाय लागला तर नमस्कार करतो!" मग तुम्ही मुलांना बॅट ठेवायला शिकवलंत. वाकून, हळूच, आवाज न करता. पहिल्या सामन्यात आपली मुलं एकामागून एक बॅट अलगद जमिनीवर ठेवत होती आणि तोवर चेंडू पहिल्या बेसवर पोचलेला असे. हेन्री कपाळाला हात लावून ओरडत होते, "कोच, ते काय बाळ आहे का झोपवायला? आउट ऑलरेडी लाह!"

पुढच्या आठवड्यात तुम्ही मुलांना बॅट टाकू दिलीत. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या बॅटी घरी आणून त्यांची पूजा केलीत. मार्कसनं प्रत्येक बॅटीला हळदकुंकू लावलं, ओट्यावर पसरलेल्या माझ्या स्वच्छ टॉवेलावर. तो डाग अजून आहे.

मी मैदानावर कामाला लागले ते उन्हात नुसतं बसवेना म्हणून. शाळेच्या ऑफिसात रजिस्टर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या बाईच्या हाती तुम्ही स्कोअरची वही दिलीत आणि म्हणालात, "मॅडम, एवढं बघाल का?" तेव्हापासून मैदानात मी तुमची मॅडम झाले. घरी 'अगं', तिथे 'मॅडम'. लोकांना वाटे आपण घटस्फोटित आहोत.

आता मुलांना वहीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या वहीतच आहे. फलंदाजानं मारलेला चेंडू अडवता आला नाही, तर दोन शक्यता असतात. चेंडू खरोखर अवघड असेल तर फलंदाजाच्या नावावर हिट लिहायची. साधा चेंडू सुटला असेल तर ज्याच्याकडून सुटला त्याच्या नावावर एरर लिहायची. हे ठरवायचं स्कोअररनं. अंपायर त्यात पडत नाहीत. म्हणजे दर रविवारी, दर चेंडूला, माझ्या पेन्सिलीच्या टोकाशी कुणाच्या तरी मुलाचा दोष असे किंवा नसे.

आणि क्लबातल्या अठरा मुलांत एक माझा होता.

'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण मी लहानपणापासून लोकांना लावत आले. ती मला कुणी लावू नये या धास्तीनं मी तिचं नेमकं उलटं केलं. शंका आली की इतर मुलांना शंकेचा फायदा देई. अनिकेतला कधी दिला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये तो उभा असे. एकदा चेंडू खड्यावर आपटून त्याच्या खांद्यावरून उडाला. मी एरर लिहिली. आदल्याच रविवारी तस्साच उडालेला चेंडू मार्कसकडून सुटला होता, तेव्हा मी हिट लिहिली होती. पेन्सिल टेकवताना मला माहीत होतं, अहो. अजाणता झालं असं मी म्हणणार नाही.

तो चौदा वर्षांचा झाला त्या वर्षी सीमेपलीकडे जोहोरला स्पर्धा होती. अठरा मुलं, पंधरा जागा. तुम्ही माझी वही घेऊन दोन संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसलात.

यादी कधीच फळ्यावर लावायची नाही, हा तुमचा नियम. ज्यांचं नाव नाही त्यांना शुक्रवारी संध्याकाळी आधी तुमचा फोन जायचा. आईवडिलांना नाही, मुलाला. मी एकदा म्हटलं होतं, रविवारी समोरासमोर सांगा की. तुम्ही म्हणालात, "समोर असलं की पोराला चेहरा सांभाळावा लागतो. फोनवर निदान रडता तरी येतं."

त्या शुक्रवारी तुम्ही घरून दोन फोन केलेत. मग चपला घालून बाहेर पडलात. मला वाटलं कोथिंबीर आणायला गेलात, कारण मी सांगितली होती. पाच मिनिटांत घरचा फोन वाजला.

"अनिकेतला दे."

"अहो? कुठून बोलताय?"

"खालून."

आपल्या इमारतीच्या तळाशी मोकळ्या व्हॉइड डेकवर, टपालपेट्यांच्या शेजारी नाण्यांचा फोन होता, तिथून. मी रिसीव्हर हातात धरून उभीच राहिले. अनिकेत गृहपाठ सोडून आला, त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं. त्यानं फोन घेतला, भिंतीकडे वळला आणि म्हणाला, "येस, कोच."

घरात तो तुम्हाला बाबा म्हणायचा.

तुम्ही वर आलात तेव्हा तुमच्या हातात कोथिंबीरही होती. मी ती घेतली नाही. पुढचे आठ दिवस तुमच्याशी कामापुरतं बोलले. "स्वतःच्या मुलाला असं कुणी करतं का," असं एकदाच म्हटलं. तुम्ही म्हणालात, "वहीत जे आहे ते आहे." झालं. ते ऐकून मला जास्तच राग आला, कारण वही माझी होती. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, थांबा, वही खरी नाही. मी नाही म्हटलं. मी तुमच्यावर रागावून बसले. ते सोपं होतं. तुम्ही शनिवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे माझी पेन्सिल टोक करून वहीवर ठेवलीत, आणि रविवारी मी मुकाट्यानं मैदानावर आले. वहीशी माझं भांडण नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही तुमच्या रिवाजाप्रमाणे वगळलेल्या तिघांना घेऊन पुलाउ उबीनला गेलात. बेटावर भाड्याच्या सायकली, शहाळी, दिवसभर उन्हात भटकणं. बेसबॉलचं नाव परत येईपर्यंत काढायचं नाही. परतीच्या होडीत मात्र प्रत्येकाला तीन गोष्टी सांगायच्या. काय कमी पडलं, ते कुणाबरोबर शिकायचं, आणि तुम्ही त्याचा खेळ पुन्हा केव्हा पाहणार. यादीत नाव नाही म्हणजे घरी बसायचं, हे तुम्हाला कधी मान्य नव्हतं. पंधरा जण सामना खेळतील, पण शिकवायचे अठराही, असं तुम्ही म्हणायचात, आणि खरं तर त्या तिघांवर जास्त वेळ घालवायचात.

मी सकाळी आणि संध्याकाळी चांगीच्या जेट्टीवर आले होते. सकाळी निघताना अनिकेत होडीच्या पुढच्या टोकाला, तुमच्याकडे पाठ करून बसला होता. संध्याकाळी होडी आली तेव्हा तो तुमच्या शेजारी होता, तुमच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेला. तुम्ही दुसरा हातही हलवत नव्हतात. मला पाहून तुम्ही नुसत्या भुवया उंचावल्यात. माझा आठ दिवसांचा राग तिथे संपला. बोलायचं होतं ते मात्र तसंच राहिलं, पुढे कितीतरी वर्षं.

तुम्ही होडीत त्याला काय सांगितलंत ते त्यानंच मला पुढे सांगितलं. "तुझे हात चांगले आहेत, पाय हळू आहेत. मधल्या जागेला पाय लागतात. तू होम प्लेटच्या मागे बस, कॅचर हो. मी यष्टिरक्षक होतो, तेवढं एक मला पुस्तकाशिवाय येतं." मग वर्षभर, रोज संध्याकाळी, मागच्या मैदानावर तुम्ही दोघे उकिडवे. तुमच्या गुडघ्यांचं दुखणं तेव्हाचं. पुढच्या वर्षी त्याचं नाव यादीत होतं, आणि त्या शुक्रवारी तुम्ही कुणाकुणाला फोन करताय हे ऐकायला तो न्हाणीघरात पाणी बंद करून उभा होता.

म्हणजे वही नसती तरी तुमच्या डोळ्यांनी तेच ठरवलं असतं का? की वहीनं ठरवलं आणि तुम्ही त्यातून त्याच्यासाठी वाट काढलीत? हे विचारायला मला जवळजवळ तीस वर्षं मिळाली होती. मी विचारलं नाही, कारण विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

तुम्हाला काहीच माहीत नाही, असं मी धरून चालले होते. परवा हेन्री आले. आता काठी घेऊन चालतात. येताना खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधून दोन कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लटकावून आणल्या, एक माझी आणि एक सवयीनं तुमची. तुमची त्यांनी टेबलावर ठेवली, दोन मिनिटं पाहिली आणि मग स्वतःच प्यायले. मी त्यांना निहारचं सांगितलं, आणि विचारलं, "हेन्री, त्या वर्षी अनिकेतला काढलं ते बरोबर होतं का?"

त्यांनी पिशवीतली नळी ढवळली. "पंधरावं नाव माझ्या मार्कसचं होतं. तुला माहीत आहे ना?"

"आहे."

"मी कोचला म्हटलं, माझ्या पोराला काढ. तुझा चांगला आहे. तुझी मिसेस त्याचं बुक फार टाइट लिहिते. एव्हरीबडी नोज, लाह."

"एव्हरीबडी?"

"सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर तुझ्या बुकवर कुणी भांडत नसे. स्वतःच्या पोराला अशी लिहिते, तर आपल्याला काय खोटं लिहिणार?"

मी विचारलं, तुम्ही त्यावर काय म्हणालात. हेन्रींनी तुमचाच आवाज काढायचा प्रयत्न केला, मान थोडी तिरकी करून. "कोच म्हणाला, अनिकेतला घेतलं तर मला सांगावं लागेल की बुक चुकलं. मग पुढच्या रविवारी बुक कोण मानणार? आणि ती पुन्हा पेन्सिल हातात घेईल का?"

हेन्री गेल्यावर मी टीव्हीखालच्या कपाटातून त्या वर्षाची वही काढली. अनिकेतच्या नावावर सात एरर आहेत. सातही चेंडू मला आठवतात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आठ दिवस माझा अबोला सोसलात, कोथिंबीर स्वतः निवडलीत, पेन्सिलीला टोक काढलंत, आणि एका शब्दानं म्हणाला नाहीत की बाई गं, हे तुझंच लिहिणं आहे. मला तुमचे पाय धरावेसे वाटतात आणि भांडावंसंही वाटतं. भांडण असं की हा निर्णय आपल्या दोघांचा होता. तुम्ही माझी अब्रू राखलीत, पण ती राखायला उभा केलात चौदा वर्षांचा मुलगा. मला सांगितलं असतंत तर मी उभी राहून सर्व पालकांसमोर म्हटलं असतं... खरंच म्हटलं असतं का? तुम्ही मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतात. मी म्हटलं नसतं. मी वही मिटून घरी बसले असते, आणि त्यानंतरची अकरा वर्षं, ते सगळे रविवार, ती सगळी पोरं, मला मिळाली नसती. ती तुम्ही मला दिलीत. आज भांडण तुम्ही जिंकलंत असं समजा. उद्या मी पुन्हा काढीन.

शेजारच्या शाळेत वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की मी अजून खिडकीशी जाते. भोंगा झाला की तुम्ही मुलांना छपराखाली घेऊन दोनदा मोजायचात, अठरा म्हणजे अठरा. काल वाजला तेव्हा मैदानावर कुणीच नव्हतं. मी तरी थोडा वेळ उभी राहिले.

गुरुवारी इथवर लिहून मी थांबले, कारण एक गोष्ट लक्षात आली. मुलांना मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. ही पानं त्यांना अनिकेतच वाचून दाखवणार. आपल्या आईनं काय केलं होतं ते त्याला मुलांसमोर, वाक्य वाचता वाचता कळावं, हे बरं नव्हे. त्यालाही चेहरा सांभाळावा लागला असता.

म्हणून आज सकाळी आंघोळ करून, साडी नेसून मी खाली गेले. नाण्यांचा फोन कधीच काढून टाकला आहे. जिथे तो होता तिथे भिंतीवर चार स्क्रूंची भोकं आहेत. बाकावर बसले आणि मोबाइलवरून अनिकेतला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती.

"आई? व्हिडिओ का नाही लावलास? बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"मागे पक्षी कसले ओरडतायत? कुठून बोलतेस तू?"

"खालून."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग पन्नाशीकडे झुकलेला आपला मुलगा अगदी हळू म्हणाला, "येस, कोच."

मी सगळं सांगितलं. सातही चेंडू, एकेक करून. खड्यावर आपटलेला. मार्कसची हिट. "वहीत जे आहे ते आहे" ऐकून मी गप्प बसले ते. हेन्रींनी सांगितलं तेही. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर फोनवर काही वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता. दोन्हीकडून.

मग म्हणाला, "आई, त्यातल्या दोन खऱ्या एरर होत्या."

"कुठल्या दोन?"

"ते नाही सांगणार. तू वहीत खोडशील."

"मी वहीत कधी खोडत नाही."

"माहीत आहे गं. तोच तर तुझा प्रॉब्लेम आहे." आणि तो हसला, तुमच्यासारखा, नाकातून. थोड्या वेळानं म्हणाला, "बाबांनी खालून फोन केला त्याचा मला फार राग होता. पण मी तेव्हा भिंतीला डोकं टेकून रडलो आणि ते कुणी पाहिलं नाही. तू पण नाही. तू स्वयंपाकघरात गेली होतीस."

"हो."

"निहारला मात्र मी जेवणाच्या टेबलावर विचारलं. सगळ्यांसमोर. 'सो, हाऊ डू यू फील?' तो म्हणाला, फाइन."

"मग?"

"मग काय. चेहरा सांभाळला त्यानं." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आई, फोन ठेवू का? निहार वर त्याच्या खोलीत आहे. त्याला फोन करतो."

मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. तुमचा बाबा वाईट खेळत नव्हता. त्याचे पाय थोडे हळू होते, त्याची आई फार कडक होती, आणि त्याच्या वडिलांनी त्याला एकटं रडायला जागा दिली आणि मग एक दिवसही एकटं सोडलं नाही.

आणि अहो, तुम्हाला सांगायचं ते हे की फोन ठेवण्याआधी मी त्याला विचारलं, "घरातल्या घरात फोन? कुठून करणार आहेस?"

"बेसमेंटमध्ये जातो," अनिकेत म्हणाला. "खालून करतो."